दोन हेक्टरची दगडखाण: पहिल्या सुरुंगाआधी करायचा हिशेब

आमच्या शिवारात गायरानाच्या कडेला एक जुना खड्डा आहे. रस्त्याच्या कामाला खडी लागली तेव्हा तो खोदला. रस्ता झाला, मशिनी गेल्या, खड्डा राहिला. नऊ मीटर खोल, चारी बाजू भिंतीसारख्या उभ्या. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. गेल्या वर्षापर्यंत गुरांना ते दिसायचं, पण पिता यायचं नाही, कारण खाली उतरायला वाटच नव्हती. शाळेत माझ्या वर्गात असलेला एक मुलगा त्या पाण्यात उतरला तो परत आला नाही. त्याला चांगलं पोहता येत होतं. बाहेर निघताना धरायला काही नव्हतं.

त्या खड्ड्यात उतरायचा रस्ता एकेकाळी होता. त्याशिवाय टिप्पर खाली जाऊन भरून वर कसे आले असते? पण काम संपत आल्यावर त्या रस्त्याखालचा दगडही सुरुंग लावून काढला आणि विकला. शेवटच्या आठवड्यातला तयार माल.

पुढं मी भूशास्त्र शिकलो, आणि आता आसपासच्या गावांत खाणीचा अर्ज आला की लोक विचारायला येतात, "सर, ठराव द्यावा का देऊ नये?" मी म्हणतो, आधी अर्जदाराकडून एक नकाशा मागा. खाण चालू असतानाचा नको, संपल्यानंतरचा. त्यात उतार कुठं असेल, माती कुठं असेल, पाणी कुठून येईल आणि गुरं कुठून उतरतील, हे दाखवलेलं हवं. तो नकाशा काढता येत नसेल तर खोदकामाचा नकाशाही अजून तयार झालेला नाही, असं समजायला हरकत नाही. ही दोन कामं वेगळी नाहीत. का नाहीत, ते या लेखात हिशेबानिशी मांडतो.

मी खाणींच्या विरोधात नाही. घर, विहीर, पूल, रस्ता, सगळ्याला दगड लागतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो घरांची चूल खडी फोडूनच पेटली. वडार समाजाच्या कितीतरी पिढ्यांनी हातोडा आणि पहारीवर हा मुलूख बांधला आहे. प्रश्न दगड काढण्याचा नाही, काढण्याच्या क्रमाचा आहे.

आपल्या पायाखाली काय आहे

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्याचा हा दगड. विहीर खणणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा, पांढरे ठिपके असलेला थोडा मऊ खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. खाली गेलं की पुन्हा तोच क्रम येऊ शकतो, कारण लाव्हाचा प्रत्येक लोट वेगळा. दोन लोटांच्या मध्ये कधी तांबडा गेरूचा पट्टा लागतो. नांदेडच्या पूर्वेकडं, देगलूर-बिलोली भागात मात्र ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खूप जुने खडक उघडे पडले आहेत.

जगभरात खाण-नियोजनावर जे लिहिलं जातं, त्यात शेलच्या खाणींचं उदाहरण वरचेवर येतं. शेल म्हणजे गाळ दाबून झालेला, पाटीसारखा पापुद्र्यांनी सुटणारा मऊ खडक. विटा आणि सिमेंट यांच्यासाठी तो काढतात. पैनगंगेपलीकडं यवतमाळ, चंद्रपूर, आदिलाबादकडं असे गाळाचे खडक आहेत. शेल बहुतेक वेळा नुसत्या मशिनीनं निघतो, पण पाणी लागलं की भुसभुशीत होतो, म्हणून त्याच्या बाजू उभ्या ठेवता येत नाहीत. काळ्या शेलमध्ये गंधकाची खनिजं असली तर खाणीतलं पाणी आंबट होतं आणि त्यात मासाही जगत नाही. याउलट काही वर्षांत शेलचा चुरा मातीसारखा वागू लागतो आणि त्यावर झाडोरा धरतो.

आपला पाषाण याच्या बरोबर उलट. पाणी आंबट करत नाही, भिंत पन्नास वर्षं उभी राहते, पण त्यावर गवताची काडी उगवत नाही. त्यावरचा मुरूम तेवढा शेलसारखा वागतो, पहिल्या दोन पावसांतच घसरायला लागतो. म्हणून मराठवाड्यातल्या खाणीला एकाच खड्ड्यात दोन तऱ्हांनी वागवावं लागतं, वर मऊ आणि खाली कठीण.

दोन हेक्टरमधून खरंच किती दगड निघतो

समजा २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद जागा आहे. म्हणजे २ हेक्टर, पाच एकरांना थोडी कमी. वर अर्धा मीटर माती, खाली अडीच मीटर मुरूम, त्याखाली १२ मीटर चांगला पाषाण. कट्ट्यावर बसून कुणी हिशेब केला तर तो असा होतो: २०० गुणिले १०० गुणिले १२, म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर. अर्जात, कर्जात, भागीदारीच्या बोलण्यात हाच आकडा फिरतो.

आता जमिनीवर उतरू. दगडखाणींनाही लागू असलेल्या १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स या खाण-सुरक्षा नियमांप्रमाणे हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा न खोदता सोडायचा असतो. तो चारी बाजूंनी सोडला की उरतात १८५ बाय ८५ मीटर. माती-मुरमाची बाजू ४५ अंशांपेक्षा उभी ठेवायची नाही, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या करायच्या आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी ठेवायची नाही. आपले माती-मुरूम मिळून तीन मीटर, म्हणून ४५ अंशांच्या उतारात प्रत्येक बाजूला तीन मीटर गेले. मुरमाचा ढासळलेला भाग थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून पाषाणाच्या माथ्यावर आणखी तीन मीटरचा ओटा सोडला. उरले १७३ बाय ७३.

पाषाणातही बारा मीटरची एकच भिंत करायची नाही. सहा मीटरचा एक टप्पा काढायचा, सहा मीटर रुंद ओटा सोडायचा आणि मग खालचे सहा मीटर. वरच्या टप्प्यातून सुमारे ७५,८०० घनमीटर दगड निघतो. खालचा टप्पा १६१ बाय ६१ चा होतो, त्यातून सुमारे ५८,९००. बेरीज १ लाख ३४ हजार ७००. कट्ट्यावरच्या आकड्याच्या ५६ टक्के.

उरलेले ४४ टक्के कुठं गेले? ते कडांमध्ये, ओट्यांमध्ये, उतारांमध्ये राहिले. ज्याला हे आधी कळत नाही, तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी हातघाईला येतो आणि मग तेच ओटे कापायला लागतो, हद्दीचा पट्टा खातो, बारा मीटरची भिंत सरळ उभी करतो. मला आजवर दिसलेल्या बहुतेक धोकादायक भिंतींच्या मुळाशी लबाडीपेक्षा पहिल्या दिवशी चुकलेली ही बेरीज जास्त होती.

ब्रासमध्ये बोलायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. वरचा दगड सुमारे ४७,६०० ब्रास झाला, पण जागेवरचा, घट्ट. फोडला की तो फुगतो. एक घनमीटर घट्ट पाषाणाची सुटी डबर साधारण दीड घनमीटर भरते. खड्डा मोजला तर एक आकडा, हायवा टिप्पर मोजले तर दुसरा. ईटीएस या मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक मशिनीनं किंवा ड्रोननं मोजणी झाल्यावर जे वाद तहसीलपर्यंत जातात, त्यांतल्या कितीतरींचं मूळ इथं असतं. म्हणून माप घट्ट धरलंय की सुटं, हे कागदावर आधी लिहून घ्या. दिवसाला ३० ब्रास घट्ट दगड आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर ही खाण साधारण सव्वासहा वर्षं चालेल. मातीचं, पैशाचं, झाडांचं वेळापत्रक या सव्वासहा वर्षांवर बसवायचं.

आणि उतरायचा रस्ता. भरलेला टिप्पर दम न लागता वर यायचा तर दहा मीटरला एक मीटर चढ बरा. पंधरा मीटर खोलीला दीडशे मीटर रस्ता झाला. म्हणजे जवळजवळ खाणीच्या अख्ख्या लांबीइतका. त्यासाठी वरच्या बेरजेतला आणखी थोडा दगड सोडावा लागतो. हा रस्ता कुठल्या बाजूला ठेवायचा, हे नकाशावर पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याला हात लागता कामा नये. खाण संपल्यावर माणसाला, गुरांना वर यायची ती एकमेव वाट असते. करारात मी पहिली अट हीच लिहायला सांगतो.

वेरूळचं कैलास लेणं पाहताना मला नेहमी खाणच दिसते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात याच पाषाणात ते वरून खाली कोरत आणलं. वर चुकून जास्त काढलेला दगड खाली आल्यावर परत बसवता येत नाही, म्हणून कळसाला पहिली छिन्नी लागण्याआधी खालचं अंगण कुठं येणार हे ठरलेलं असणार. खाणीलाही हाच नियम लागू आहे.

माती ही जिवंत वस्तू आहे

खाणीवर पहिलं काम सुरुंगाचं नसून माती उचलण्याचं. अर्धा मीटर माती १८५ बाय ८५ मीटरवरून काढली की सुमारे ७,८६० घनमीटर होते. ती मुरमात मिसळली की गेली. मातीत मिसळलेला मुरूम परत वेगळा करता येत नाही. म्हणून माती वेगळी, मुरूम वेगळा, दोन ढीग, दोन जागा.

मातीचा ढीग उंच केला की आतली माती गुदमरते. हवा लागत नाही, सूक्ष्म जीव मरतात, आणि पाच वर्षांनी पसरली तर ती नुसती काळी भुकटी असते. म्हणून ढीग दोन मीटरच्या आत ठेवायचा, त्यावर पहिल्याच पावसात ताग किंवा धैंचा पेरायचा. पण दोन मीटर उंचीनं ७,८६० घनमीटर माती ठेवायला निदान चार हजार चौरस मीटर जागा हवी, ढिगाचे उतार धरले तर त्याहून जास्त. हद्दीचा जो पट्टा सोडला तो सगळा मिळून ४,२७५ चौरस मीटर आहे. म्हणजे सगळी माती एकदम काढली तर ठेवायला जागाच नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ती वीटभट्टीला किंवा बागेसाठी विकून टाकतो.

यातून वाट एकच. सगळी जागा एकदम उघडायची नाही. खाणीचे तीन भाग करायचे. पहिल्या भागाची माती ढिगात जाते. तो भाग तळापर्यंत गेला आणि त्याचे ओटे तयार झाले की दुसऱ्या भागाची माती ढिगात न नेता थेट त्या ओट्यांवर पसरायची. ढीग लहान राहतो, माती ताजी राहते, डिझेल एकदाच जळतं. खाण अजून चालू असते आणि तिची एक बाजू हिरवी व्हायला लागलेली असते. तोपर्यंत पोकलेन जागेवर असतं, डिझेल येत असतं, ऑपरेटर पगारावर असतो. खाण बंद पडल्यावर याच कामाला पुन्हा मशीन आणायला कोणी येत नाही.

सुरुंग आणि किल्लारीनंतरची घरं

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगावी लागत नाही. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यामुळं इथं सुरुंगाचा हादरा बसला की म्हातारी माणसं अजूनही अंगणात येतात. या भीतीला हसणाऱ्यानं इथं खाण चालवू नये.

हादरा किती बसेल हे एकूण किती स्फोटकं उडवली यापेक्षा एका क्षणी किती उडाली यावर जास्त ठरतं. एका रांगेतली वीस छिद्रं एकदम उडवली तर घराला एक जोराचा धक्का बसतो. तीच छिद्रं काही हजारांश सेकंदांच्या अंतरानं एकापाठोपाठ उडवली तर दगड तेवढाच फुटतो आणि धक्का कितीतरी कमी होतो. डिले डिटोनेटर यासाठीच असतात. छिद्राचं तोंड नीट ठासलं नाही तर जोर दगड फोडण्याऐवजी वर निघून जातो आणि डबर शेतात उडते. जमिनीचं कंपन मोजायचं यंत्र असतं; खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांपाशी हे कंपन त्याच्या वारंवारतेनुसार, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा हलते त्यानुसार, सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटरच्या आत राहिलं पाहिजे, असं खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक सांगतं. हळू, लांब लहरींचा हादरा घराला जास्त बाधतो, म्हणून त्याला ५ ची कडक मर्यादा.

गावकऱ्यांनी पहिल्या सुरुंगाआधी एक काम करावं. जवळच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे, आधीच्या भेगांसकट, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवावेत आणि एक प्रत खाणवाल्याला द्यावी. पुढचं निम्मं भांडण तिथंच मिटतं, आणि ते दोन्ही बाजूंच्या भल्याचं असतं.

धुळीबद्दल थोडक्यात. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका फार कमी, ग्रॅनाइटमध्ये भरपूर. म्हणून देगलूर-बिलोलीकडच्या क्रशरवर सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा धोका जास्त, तिथं कोरड्या ड्रिलनं छिद्र पाडू देऊच नये. पण बेसाल्टची धूळही फुप्फुसाला आणि तुरीच्या फुलाला चांगली नाही. क्रशरवर पत्र्याचं आच्छादन आणि पाण्याचे फवारे हवेतच. क्रशरजवळच्या धुळीची मर्यादा घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम आहे.

पाणी: सगळ्यात जास्त फसवणारा भाग

जवळपास प्रत्येक अर्जात एक वाक्य असतं: खाण संपल्यावर खड्ड्यात पावसाचं पाणी साठवून त्याचा जलसाठा करण्यात येईल. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हे वाक्य वाचून कुणालाही बरं वाटेल. मलाही वाटायचं. हिशेब केला तेव्हा कळलं.

आपल्या खाणीचा तळ १६१ बाय ६१ मीटर. एक मीटर पाणी म्हणजे ९८ लाख लिटर, खालचा टप्पा पूर्ण भरला तर जवळजवळ ५ कोटी ९० लाख लिटर. छान आकडा. आता आवक बघा. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरू. २ हेक्टरवर पडलेला थेंबन् थेंब खड्ड्यात आला तरी १ कोटी ४० लाख लिटर. आणि जावक? आपल्या उन्हात उघड्या पाण्याची वर्षाला दीड ते दोन मीटर वाफ होते. म्हणजे दीड ते दोन कोटी लिटर. आलेल्यापेक्षा जाणारं जास्त. पाषाणाच्या फटींतून झिरपतं ते वेगळंच.

मग ज्या खड्ड्यांत उन्हाळ्यातही पाणी दिसतं ते कुठून येतं? एकतर वरच्या शिवारातला ओढा-नाला त्यात वळलेला असतो, नाहीतर ते पाणी जमिनीखालचं असतं. मे महिन्यात चालू खाणीच्या भिंतीतून, मांजऱ्याच्या थरातून पाझर दिसत असेल आणि पंप लावून ते पाणी बाहेर फेकलं जात असेल, तर ते शेजारच्या विहिरींचं पाणी आहे. भूजल एकाच थरात जोडलेलं असतं. खाणीचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेला की उताराच्या नियमानं पाणी खाणीकडं येतं.

म्हणून खाण किती खोल न्यायची हे दगड कुठवर चांगला लागतो यावर ठरवायचं नाही, तर आसपासच्या विहिरींवरून ठरवायचं. खाण सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण वर्ष, निदान मे आणि ऑक्टोबरमध्ये, अर्ध्या-एक किलोमीटरमधल्या विहिरींची पाणीपातळी दोरी सोडून मोजा आणि वहीत लिहा. ऑक्टोबरमध्ये पाणी आठ मीटरवर असेल तर पंधरा मीटरची खाण म्हणजे सात मीटर विहिरींच्या पोटात शिरणं आहे. तिथं पाषाण कितीही चांगला असो, एक टप्पा कमी करावा.

जलसाठा खरंच हवा असेल तर त्याला पाणलोट लागतो. चढाच्या शिवारातून पावसाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी वाहून येतं असं धरलं, तर एका हेक्टरमधून १४ लाख लिटर येईल. ५ कोटी लिटर आणायला ३५-३६ हेक्टरांचं पाणी वळवावं लागेल. ते आज कुणाच्या तरी नाल्यात, बंधाऱ्यात, विहिरीत जातंय. खालच्या गावाशी बोलल्याशिवाय हे वळवणं योग्य नाही. आणि वळवायचंच तर ते आधी गाळ बसेल अशा छोट्या कुंडातून, दगडी पिचिंगच्या, म्हणजे दगड रचून घट्ट केलेल्या उतारावरून आत सोडावं, नाहीतर मुरमाची कड पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याबरोबर खाली येते.

खोल आणि अरुंद खड्डा पाणी जास्त टिकवतो, पसरट खड्डा वाफ जास्त करतो. जिथं पाणलोट नाही, तिथं पाण्याचा नाद सोडून चाऱ्याचं नियोजन करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवानगी आणि पैसा

दगड आणि मुरूम हे गौण खनिज. केंद्राचा १९५७ चा खाण कायदा त्यांचे नियम करायचे अधिकार राज्याला देतो, आणि आपल्याकडं २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज नियम लागू आहेत. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सांगितलं. त्याआधी मोठ्या जागेचे लहान तुकडे करून मंजुरी टाळली जायची. जानेवारी २०२० मध्ये याच न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे: खाणपट्टा संपल्यावर ती जागा गवत लावून पुन्हा चाऱ्यायोग्य करण्याची अट पट्ट्यात घालावी. ग्रामसभेत कुणी "असं कुठं लिहिलंय" म्हणालं तर हे सांगा.

स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, २०२१ मध्ये ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झालं. ते सरकारला जातं. खड्डा सावरायचे पैसे वेगळे लागतात, आणि ते शेवटी मागून मिळत नाहीत, कारण शेवटी विकायला दगड उरलेला नसतो. समजा प्रत्येक ब्रासमागे फक्त दहा रुपये खाणमालक आणि ग्रामपंचायत यांच्या सामाईक खात्यात दर महिन्याला जमा झाले. ४७,६०० ब्रासचे पावणेपाच लाख होतात. मशीन तासाला १,२०० रुपये धरलं तर हे जवळजवळ ४०० तासांचं काम आहे. खाण टप्प्याटप्प्यानं चालवली असेल तर एवढ्यात बरंच होतं. सगळं शेवटाला ठेवलं असेल तर अजिबात पुरत नाही.

सावरलेली खाण कशी दिसते

खड्डा बुजत नाही, हे आधी मान्य करू. कोळशाच्या खाणीत वरून काढलेली माती-खडक फुगून बरीच जागा परत भरते. दगडखाणीतून डबर, गिट्टी, कच, मुरूम, सगळंच विकलं जातं. भरायला मागं काही उरत नाही. म्हणून ठरलेला मुरूम पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. तो भिंतींच्या पायथ्याशी उतरता लावायचा, त्यावर माती. पाण्याच्या काठाची निदान एक बाजू तीन मीटरला एक मीटर इतकी सौम्य हवी, म्हणजे पाण्यात पडलेलं लेकरू किंवा वासरू पाय टेकत बाहेर येईल.

ओट्यांवरची माती कमी पडली तर गावच्या पाझर तलावातला गाळ आणता येतो. पाषाणाच्या ओट्यावर अर्धा मीटर मुरूम-माती असल्याशिवाय झाड टिकत नाही. ओट्याला आतल्या बाजूला, भिंतीकडं किंचित उतार द्यायचा, म्हणजे पाणी कडेवरून न पडता मुळाशी मुरतं. झाडं आपल्या मुरमाला सरावलेलीच: कडुनिंब, करंज, बोर, आणि बीड-धाराशिवच्या बालाघाटात कुणी न लावताही येणारं सीताफळ. पहिली दोन वर्षं नुसतं गवत आणि स्टायलो हे चाऱ्याचं पीक पेरून माती धरू द्यावी, झाडांची घाई करू नये. मारवेल, पवना ही गवतं धरली की कापून नेता येतात. देवणी आणि लाल कंधारीच्या दावणीला उन्हाळ्यात एक-एक पेंढीचं मोल काय असतं, हे छावणीत गुरं बांधलेल्यांना विचारा. मोकाट चराईला मात्र तीन वर्षं बंदी, आणि उभ्या कड्यावरून दोन मीटर आत काटेरी कुंपण कायमचं.

आमच्या गावच्या जुन्या खड्ड्याचं काम गेल्या उन्हाळ्यात केलं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला लागून उतार भरला. नऊ मीटर खोली, सहाला एक उतार, म्हणजे ५४ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. नाला खोलीकरणातून निघालेला सातशे ब्रास मुरूम त्यात गेला. जो रस्ता वीस वर्षांपूर्वी फुकट जागेवर होता, तो परत करायला गावाला एक अख्खा महिना आणि लोकवर्गणी लागली. पाण्याच्या रेषेला दगडी पिचिंग केलं, कडेनं कुंपण घातलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैल त्या उतारानं पहिल्यांदा पाण्यात उतरले आणि त्याच उतारानं वर आले.